वाचकांचे प्रश्न : रॅकूनचं करायचं तरी काय?

वसंत सुरू झाला की रॅकूनची पत्रं यायला लागतात, या वेळी तर जवळजवळ सगळी पत्रं त्याचीच आहेत, म्हणून हा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय. आपण लहानपणापासून माकडं बघितली, घुशी बघितल्या, पण डोळ्यांवर काळा पट्टा आणि शेपटीवर कडी असलेला हा प्राणी आपल्यापैकी बहुतेकांना उत्तर अमेरिकेत आल्यावरच पहिल्यांदा दिसतो, त्यामुळे कशाला घाबरायचं आणि कशाला नाही हेच नीट कळत नाही. माझं मत आधीच सांगते, पुढच्या बहुतेक उत्तरांत तेच येणार आहे: रॅकूनला पकडायच्या, पळवायच्या मागे लागू नका. तो तुमच्याकडे दोनच गोष्टींसाठी येतो, खाणं आणि झोपायला जागा. त्या दोन बंद केल्या की तो आपोआप दुसरीकडे जातो.

प्रश्न : कचऱ्याचा डबा रोज रात्री उलटा पडलेला असतो. झाकणावर वीट ठेवली तर ती खाली ढकलली, दोरी बांधली तर ती पण सोडवली. शेजारी म्हणतात सवय करून घ्या. खरंच काही उपाय नाही का? (एक वाचक, टोरोंटोजवळून)

उत्तर : उपाय आहे. पण आधी समोर कोण आहे ते समजून घ्या. रॅकूनच्या पुढच्या पंजाला पाच लांब बोटं असतात आणि त्या बोटांना स्पर्श प्रचंड कळतो, अंधारात चाचपडूनच त्याला समजतं कडी कुठे आहे, कुठे सैल आहे. १९०७ साली डेव्हिस नावाच्या संशोधकाने रॅकूनना वेगवेगळ्या कड्याकुलपांच्या पेट्या दिल्या होत्या, १३ पैकी ११ त्यांनी उघडल्या. वर त्याची आठवण पण पक्की, एकदा जमलं की तो विसरत नाही. त्यामुळे वीट आणि दोरी त्याच्यासाठी काहीच नाही.

तुमच्या टोरोंटोनेच २०१६ पासून ओल्या कचऱ्याचे नवीन हिरवे डबे आणले, वरचं हँडल फिरवून उघडायचे आणि ट्रकने उलटे केले की आपोआप उघडणारे. बऱ्याच प्रमाणात चालले ते, पण काही रॅकूननी डबा आडवा पाडून उघडल्याचे व्हिडिओ पण लोकांनी काढलेत. म्हणजे नुसतं लॉक पुरत नाही, डबा पडता कामा नये. भिंतीला किंवा रेलिंगला हुक लावून बंजी कॉर्डने डबा उभाच्या उभा घट्ट बांधा, जमलं तर गॅरेजमध्येच ठेवा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कचरा आदल्या रात्री बाहेर काढू नका, गाडी यायच्या दिवशी सकाळी काढा. या एका गोष्टीने अर्धं काम होतं. लोक कंटाळा करतात तो इथेच. मासे, कोंबडी, मटणाचं जे काही उरतं ते पिशवीत बांधून गाडीच्या दिवसापर्यंत फ्रीझरमध्ये टाका, वासच नसेल तर तो येणार कशाला.

आणि फक्त डबा बघू नका. बर्ड फीडर रात्री आत घ्या, बार्बेक्यूची जाळी आणि खालचा तेलाचा ट्रे धुऊन ठेवा, मांजरीचं खाणं बाहेर ठेवू नका, झाडाखाली पडलेली फळं उचला. डबा बंद केला आणि फीडर तसाच लटकत राहिला तर तो येतच राहणार, आणि आला की डब्याला परत हात घालून बघणार. पहिले काही दिवस तो येऊन चाचपून जाईल, तेवढा धीर धरा.

प्रश्न : आठवडाभर अ‍ॅटिकमधून रात्री धपधप चालल्याचा आवाज येतोय आणि आता चीं चीं असा बारीक आवाज पण ऐकू येतो. छताच्या कोपऱ्यात लाकूड उचकटलेलं दिसलं. मिस्टर म्हणतात दिवसा ते बाहेर गेलं की भोक बंद करून टाकू. करावं का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : नाही, प्लीज करू नका. आणि दिवसा तर नाहीच, कारण रॅकून रात्री फिरतो आणि दिवसा झोपतो, म्हणजे तुम्ही दुपारी भोक बंद कराल तेव्हा तो आतच असेल.

तो बारीक आवाज पिल्लांचा आहे. थंडीच्या शेवटी मादी गाभण राहते, साधारण ६३ ते ६५ दिवसांनी पिल्लं होतात, तुमच्याकडे बहुतेक एप्रिल-मे मध्ये, एका वेळी तीन-चार तरी असतात. त्यांचे डोळे उघडायलाच तीनेक आठवडे लागतात आणि आईच्या मागे बाहेर पडायला आठ-दहा आठवडे. नर काही मदत करत नाही, सगळं ती एकटी करते. तिला कोरडी, उबदार, उंचावरची जागा हवी असते, पूर्वी झाडाच्या ढोलीत मिळायची, आता तुमच्या छताखाली मिळते. आता विचार करा, रात्री ती खायला बाहेर गेली आणि तुम्ही भोक बुजवलं तर काय होईल. आत पिल्लं अडकली की ती छत फाडते, शिंगल्स उपटते, लाकूड, व्हेंट, जे हाताला येईल ते. आणि ती आत घुसू शकली नाही तर पिल्लं आत मरतात, मग तो वास घरभर पसरतो, भिंतीच्या आत कुठे आहेत ते शोधायला ड्रायवॉल फोडावी लागते. म्हणजे तिचंही हाल आणि तुमचंही.

दोन रस्ते आहेत. पहिला, थांबायचं. काही आठवड्यांत पिल्लं चालायला लागली की ती स्वतःच त्यांना घेऊन निघते. वायरिंग आणि इन्सुलेशनचं फार नुकसान होत नसेल तर मला हाच बरा वाटतो.

दुसरा, तिला हळूच कंटाळा आणायचा. रॅकून मादीच्या माहितीत लपायच्या एकापेक्षा जास्त जागा असतात, ही जागा त्रासाची वाटली की ती पिल्लांना एकेक करून मानेला धरून दुसरीकडे नेते. तर दिवसा अ‍ॅटिकमध्ये लाइट लावून ठेवा, ती बसते तिथून जरा लांब बोलण्याचे कार्यक्रम चालू असलेला रेडिओ ठेवा. तेवढंच. अमोनियाचे बोळे टाकायला काही लोक सांगतात पण छोट्या पिल्लांच्या नाकातोंडाला त्याचा त्रास होतो, मी सांगणार नाही. तिच्या अंगावर जाऊ नका, पिल्लांजवळ तर अजिबात नाही. तिला सगळी पिल्लं हलवायला काही रात्री लागतात, घाई नको.

मग भोकात वर्तमानपत्राचे बोळे सैलसर कोंबा. दोन-तीन रात्री ते जागचे हलले नाहीत आणि आवाज पण नाही, म्हणजे आत कोणी नाही. (कडाक्याच्या थंडीत मात्र यावर विश्वास ठेवू नका, तेव्हा रॅकून दिवसेंदिवस आत पडून राहतो. ती शीतनिद्रा नव्हे, पण बाहेर पडत नाही.) खात्री झाल्यावरच भोक बंद करा, आणि ते फोम किंवा प्लायवूडच्या तुकड्याने नाही. गॅल्वनाइज्ड तारेची जाड जाळी, हार्डवेअर क्लॉथ म्हणून मिळते ती, किंवा पत्रा, आणि स्क्रू ठोकून, स्टेपल मारून नाही. बाकीचे व्हेंट, सॉफिट (छताच्या कडेची खालची बाजू), चिमणीचं तोंड सगळं एकदा फिरून बघा. १० सेंटीमीटरची फट सुद्धा त्याला पुरते. छताला टेकलेल्या फांद्या छाटा.

माणूस बोलवायचा असेल तर फोनवरच विचारा की पिल्लं असतील तर काय करता. नीट काम करणारे लोक पिल्लं हाताने काढून बाहेर, भोकाजवळच, उबदार पेटीत ठेवतात, आई रात्री येऊन ती घेऊन जाते, आणि भोकावर आतून बाहेर उघडणारं एकतर्फी दार लावतात. "पिंजरा लावून घेऊन जातो" एवढंच उत्तर आलं तर दुसऱ्याला फोन करा.

फायरप्लेसच्या चिमणीत असेल तर नियम तेच, फक्त डँपर (चिमणीतली झडप) बंद ठेवा आणि धूर करायचा विचार पण मनात आणू नका, पिल्लांना चढता येत नाही. ती गेल्यावर चिमणीला जाळीची टोपी बसवून घ्या.

प्रश्न : हार्डवेअरच्या दुकानात जिवंत पकडायचा पिंजरा मिळतो. पकडून लांब जंगलात सोडलं तर कोणालाच त्रास नाही, प्राणी पण जिवंत राहतो. यात चूक काय? (एक वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर : तुमचा हेतू चांगला आहे, पण तुमच्या राज्यात हे परवानगीशिवाय बेकायदेशीर आहे. मॅसॅच्युसेट्समध्येही पकडलेला प्राणी आपल्या जागेबाहेर नेऊन सोडता येत नाही, ओंटारियोत सोडायचाच तर २४ तासांत आणि पकडल्या जागेपासून १ किलोमीटरच्या आतच. पिंजरा सर्रास विकतात, त्यामुळे लोकांना वाटतं की वापरणं पण सर्रास चालतं.

हा नियम उगाच केलेला नाही. १९७० च्या दशकात शिकारीसाठी म्हणून आग्नेय अमेरिकेतले रॅकून पकडून व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनियाच्या भागात आणून सोडले गेले. त्यांच्यातले काही रेबीजवाले होते, आणि तिथून रॅकूनचा रेबीज पूर्व किनाऱ्यावर वर वर पसरत थेट मेनपर्यंत गेला. अजून तो थोपवायला अमेरिकेचं कृषी खातं लसीची आमिषं जंगलात टाकतं, विमानातून सुद्धा. नेऊन सोडण्याची किंमत एवढी मोठी असू शकते.

आणि प्राणी जिवंत राहतो हेही नेहमी खरं नाही. अनोळखी जागेत त्याला खाणं कुठे, लपायचं कुठे काही माहिती नसतं, तिथले रॅकून त्याला राहू देत नाहीत, रस्त्यावर गाडीखाली येतो. पकडलेली मादी असेल तर तिची पिल्लं तुमच्याच घरात कुठेतरी मागे उपाशी राहतात. आणि तुमच्याकडची जागा रिकामी झाली, खाणं तसंच आहे, तर दुसरा येतो. पिंजऱ्याचे पैसे जाळीवर घाला.

प्रश्न : सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. रोज रात्री डेकवर उरलेली पोळी आणि दूधभात ठेवतात, आता एकाचे पाच झालेत आणि ते दार वाजवतात. मी काही बोलले तर म्हणतात मुक्या जिवाला घास घालण्यात कसलं पाप. कसं समजावू? (एक वाचक, मेरीलँड)

उत्तर : ताई, त्यांच्या दयेवर बोट ठेवू नका, ती खरी आहे आणि चांगली आहे. फक्त तिचा परिणाम काय होतो ते शांतपणे सांगा, मला वाटतं त्या ऐकतील.

त्यांना असं सांगा की आई, ही मादी आता तिच्या पिल्लांना शिकवतेय की माणसाचं दार म्हणजे जेवण. तुम्ही सहा महिन्यांनी परत जाणार, पण ती पिल्लं मोठी होऊन शेजारच्या दारांवर जाणार, आणि तिथे कोणीतरी पिंजरा लावणार. पकडलेला रॅकून बऱ्याच ठिकाणी कायद्याने दुसरीकडे सोडता येत नाही, मग त्याला मारतात. म्हणजे आपल्या घासाने त्याचा जीव जातो. शिवाय एका ताटलीवर पाच-सहा रॅकून आले की त्यांच्यातला डिस्टेंपर नावाचा रोग एकाकडून दुसऱ्याला लागतो, त्यात त्यांचे फार हाल होतात. आणि तुमच्या डेकवर त्यांची विष्ठा पडते, ती घरातल्या लहान मुलांसाठी धोक्याची आहे, त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवा. एप्रिल-मे मध्ये तर त्यांना उपासमार नसते, बेडूक, किडे, फळं, अंडी, बिया, तो काहीही खातो.

बऱ्याच शहरांत जंगली प्राण्यांना खायला घालणं नियमानेच बंद आहे, टोरोंटोत २०२३ पासून स्वतःच्या आवारात सुद्धा. तुमच्या काउंटीचा नियम बघून घ्या, कधीकधी "इथे चालत नाही" एवढं म्हटलं की घरातला वाद मिटतो. ताटली एकदम बंद करा, हळूहळू नाही. काही रात्री दार वाजेल, उघडू नका. सासूबाईंना खिडकीतून बघू दे, पिल्लांची आईच्या मागे चालतानाची रांग बघण्यासारखीच असते.

प्रश्न : डांबराच्या गोळ्या, तिखट, अल्ट्रासॉनिक मशीन, यातलं काय चालतं? (एक वाचक, टेक्सास)

उत्तर : डांबराच्या गोळ्या अजिबात नको. त्यांचा वास श्वासातून माणसांना बाधतो, लहान मूल गोळी तोंडात घालू शकतं, आणि पाकिटावर लिहिलंय त्याशिवाय दुसऱ्या कामाला वापरणं अमेरिकेत कायद्याने चालत नाही. तिखट पावसाने धुऊन जातं. मशीनची त्याला सवय होते. कोणी हललं की पाणी उडवणारा स्प्रिंकलर काही दिवस चालतो, भाजीच्या वाफ्यासाठी तेवढं कधीकधी पुरतं. आणि विष घालायचा सल्ला कोणी दिला तर त्याचं ऐकू नका, ते बेकायदेशीर तर आहेच पण शेजारचा कुत्रा ते आधी खाईल.

प्रश्न : नवीन लॉन टाकलं, सकाळी बघतो तर सतरंजी गुंडाळावी तसं गुंडाळलेलं. (एक वाचक, ओहायो)

उत्तर : तो गवताखालची हुमणी शोधतोय, म्हणजे भुंग्यांच्या पांढऱ्या अळ्या, इथे ग्रब म्हणतात. एक कोपरा उचलून खाली बघा, इंग्रजी सी सारख्या वाकलेल्या अळ्या दिसतील. अळ्या गेल्या की रॅकून जातो. उन्हाळ्याच्या शेवटी, अळ्या लहान असताना, नेमाटोड नावाचे सूक्ष्म कृमी पाण्यातून जमिनीत सोडता येतात, ते अळ्या मारतात आणि बाकी कोणाला त्रास नाही. जमीन ओली हवी, संध्याकाळी सोडायचे, उन्हात ते मरतात. तोपर्यंत लॉन परत पसरून वर जाळी टाका आणि खुंट्यांनी चारी बाजूंनी पक्की करा, मुळं धरली की त्याला उचलता येत नाही.

प्रश्न : भर दुपारी रॅकून अंगणात फिरत होता. दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेला, असं ऐकलंय. पोलिसांना बोलवावं का? (एक वाचक, मिनेसोटा)

उत्तर : नुसता दिवसा दिसला म्हणून नाही. पिल्लांना पाजणारी मादी भुकेपोटी दिवसा पण बाहेर पडते. चाल बघा. झोकांड्या खात असेल, मागचे पाय ओढत असेल, तोंडातून लाळ, गोल गोल फिरतोय, माणूस जवळ गेला तरी काही कळत नाही, असं असेल तर लांब राहा, मुलं आणि कुत्रा आत घ्या आणि अ‍ॅनिमल कंट्रोलला (प्राण्यांच्या तक्रारी बघणाऱ्या स्थानिक खात्याला) फोन करा. डिस्टेंपर झालेला पण असाच दिसतो, आपल्याला बघून फरक कळत नाही आणि कळायची गरज पण नाही.

प्रश्न : मुलांच्या वाळूच्या खड्ड्याजवळ एकाच जागी विष्ठेचा ढीग असतो. मी झाडूने काढून ब्लीच टाकते. बरोबर आहे ना? (एक वाचक, इलिनॉय)

उत्तर : झाडू आजपासून बंद करा, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. रॅकून शौचाला ठरलेल्या जागी जातात, झाडाच्या बुंध्याशी, डेकवर, छतावर, लाकडाच्या ढिगावर. त्या विष्ठेत रॅकूनच्या राउंडवर्मची, म्हणजे आतड्यातल्या जंताची, अंडी असू शकतात. माणसाला याची लागण क्वचित होते पण झाली तर अळ्या मेंदूत किंवा डोळ्यात जातात आणि नुकसान कायमचं असतं. जास्त धोका लहान मुलांना, कारण ती माती तोंडात घालतात. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना तयार व्हायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, म्हणजे रोज लक्ष ठेवून लगेच काढलं तर धोका फार कमी होतो. पण एकदा मातीत गेली की ती वर्षानुवर्षं टिकतात.

ब्लीचने ती मरत नाहीत. उष्णतेने मरतात. हातमोजे, एन-९५ मास्क, धुता येतील असे रबरी बूट घाला, विष्ठेवर आधी थोडं पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडणार नाही, खोऱ्याने उचलून दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात टाका, मग त्या जागेवर उकळतं पाणी ओता. खोरं, बूट पण उकळत्या पाण्याने. मातीचा भाग असेल तर वरचा दोन-तीन इंचाचा थर काढून टाका. अ‍ॅटिकमध्ये इन्सुलेशनवर असेल तर स्वतः करू नका, माणूस बोलवा. वाळूच्या खड्ड्याला घट्ट झाकण करा, आणि आत आधीच घाण दिसली असेल तर ती वाळू टाकून द्या, वाळू स्वस्त आहे. एखाद्या मुलाने विष्ठा किंवा तिथली माती तोंडात घातल्याची शंका जरी आली तरी लक्षणांची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, लवकर औषध दिलं तर उपयोग होतो.

प्रश्न : रात्री कुत्र्याला मागे सोडलं तर रॅकूनशी झुंज झाली. कुत्र्याच्या कानाला चावा, आणि सोडवताना मिस्टरांच्या हाताला ओरखडा. कुत्र्याच्या लशी झालेल्या आहेत. काय करायचं? (एक वाचक, पेनसिल्व्हेनिया)

उत्तर : तुमचं पत्र मिळाल्या दिवशीच मी फोनवर कळवलं, पण सगळ्यांसाठी इथे लिहिते. हात साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचा, घड्याळ लावून, आणि तसंच अर्जंट केअर किंवा इमर्जन्सीला जायचं. ओरखडा छोटा आहे म्हणून थांबायचं नाही, झुंजीत लाळ जखमेत गेलेली असू शकते, पूर्वेकडच्या राज्यांत रॅकूनमध्ये रेबीज आहेच, ओंटारियोत हॅमिल्टनच्या बाजूला पण २०१५ च्या शेवटी तो परत सापडला होता. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर इलाज नाही, त्याआधी लस घेतली तर माणूस वाचतो.

कुत्र्याला हातमोजे घालूनच हात लावा, त्याच्या केसांवर रॅकूनची लाळ असते. जखम धुवा, लशी झालेल्या असल्या तरी व्हेटला त्याच दिवशी दाखवा, रेबीजचा बूस्टर लगेच द्यावा लागतो. डिस्टेंपर आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या रोगाच्या) लशी झाल्यात का तेही विचारा. रॅकून तिथेच मेला असेल तर डोक्याला धक्का लावू नका, तपासणी मेंदूची होते, अ‍ॅनिमल कंट्रोलला बोलवा. इथून पुढे कुत्र्याला रात्री सोडायच्या आधी मागचा लाइट लावून, जोरात दार वाजवून एक मिनिट थांबा, रॅकूनला निघायला वेळ मिळतो.

आणि एक, हे आपल्या लोकांना खास सांगते. पूर्वी कधी रेबीजची लस घेतलेली नसेल तर इथे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) आणि लशीचे चार डोस देतात, पहिला लगेच, आणि पुढचे त्या दिवसापासून ३, ७ आणि १४ दिवसांनी. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी भारतात कुत्रा चावला म्हणून इंजेक्शनं घेतलेली असतात. ते डॉक्टरांना न विसरता सांगा, कोणतं साल, किती घेतली, पोटात की दंडात, जे आठवेल ते, घरी फोन करून जुने कागद मिळाले तर त्यांचे फोटो मागवा. आधीचा पूर्ण आधुनिक कोर्स (पोटातली जुनी इंजेक्शनं यात धरत नाहीत) झालेला असेल तर दोन डोसमध्ये भागतं आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. पण कागद शोधण्यासाठी पहिला डोस लांबवू नका, तो आधी घ्या.